मोजणी झाली, पण हिशोब कुणी तपासला?

आगर ते तलासरी कुठेही जा, सध्या एकच विषय, जमीन. बुलेट ट्रेन, एक्सप्रेस-वे, वाढवण बंदर आणि वर्षानुवर्षं लटकलेले वनपट्टे. जीपीएस घेऊन माणूस येतो, प्लॉटला चक्कर मारतो, आठ-दहा बिंदूंचे अक्षांश-रेखांश लिहून नेतो. पुढे कागदावर क्षेत्राचा आकडा येतो. तो कसा काढला, हे कोणीच सांगत नाही!

परवा एका काकांनी असाच कागद आणला. वनपट्ट्याचा दावा, क्षेत्र 4 हेक्टर 4 आर. वनहक्क कायद्याची मर्यादा 4 हेक्टर. म्हणजे दावा आधीच वादात. मी तेच बिंदू घेऊन पुन्हा हिशोब केला. आले 3 हेक्टर 80 आर.

घोळ साधा होता. कुणीतरी एक्सेलमध्ये प्रत्येक अंशाला सरसकट 111 किलोमीटरने गुणलं. अक्षांशाचा अंश आपल्याकडे 110.7 किलोमीटर, ते ठीक. पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर 111 असला तरी डहाणूला, 20 अंशांवर, 104.6च भरतो. शंभर गुंठ्यांमागे सहा गुंठे हवेत वाढले.

मी सर्व्हेअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला. फुकटचं ऑक्टेव्ह घेतलं आणि त्यातून चार्ल्स कार्नी यांच्या जिओग्राफिकलिबला हाक मारली. ही सी++ मध्ये लिहून कंपाइल केलेली लायब्ररी, तीही फुकट. पृथ्वीचा चपटेपणा धरून ती क्षेत्रफळ काढते. ऑक्टेव्हने फक्त बिंदू द्यायचे नि उत्तर घ्यायचं. अक्षांश आधी की रेखांश, तेवढं बघा. उलटं दिलंत तर डहाणू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

साहेब म्हणतील, मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर चुकतोच. मान्य. वाईट मोजणी कुठलीच लायब्ररी सुधारत नाही. पण यंत्र चुकतं म्हणून हिशोबाची चूक माफ कशी? शिवाय जुने टोपो नकाशे 1830च्या एव्हरेस्ट गोलावर, जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. न जुळवता एकावर एक ठेवले तर हद्द शेकडो फूट सरकते.

मागणी एवढीच. क्षेत्राच्या आकड्याखाली तीन गोष्टी छापा: सगळे बिंदू, कोणतं डेटम, कोणत्या सॉफ्टवेअरने काढलं.

आणि मंडळी, सही-अंगठा करण्याआधी बिंदूंची प्रत मागा. न देणाऱ्याला विचारा, का नाही? पोस्ट पाड्यापाड्यावर पोचवा.