बंद करून चालू करा!

मंडळी, नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण हयात असल्याचं सिद्ध करावं लागतं. गेल्या खेपेला त्यासाठी मेहकरहून एसटीने बुलढाण्याला गेलो. एका कचेरीत रांगेत उभा राहिलो, नंबर आला आणि नेमका कॉम्प्युटर अडकला. खिडकीतल्या मुलाने तो बंद करून चालू केला. पुन्हा अडकला, पुन्हा बंद-चालू. "काका, हे रोजचंच आहे," तो म्हणाला.

त्या मुलावर माझा राग नाही. राग आहे तो हाच उपाय शिकवून मोकळं होणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांवर.

रात्री पुण्याच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आबा, अडकलेला प्रोग्राम मेलेला नसतो. चालू असतानाच त्याला डिबगर जोडता येतो." प्रत्येक चालू प्रोग्रामला एक क्रमांक असतो. तो जीडीबीसारख्या डिबगरला दिला, की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि कुठल्या ओळीवर, कशाची वाट पाहतोय ते दिसतं. पाहून झालं की सोडून द्यायचं, तो पुढे चालू लागतो. जीडीबी हे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलं. म्हणजे ही विद्या काही नवी नाही!

शाळेतला दाखला देतो. एका गुरुजींच्या हातात कपाटाची किल्ली, दुसऱ्यांच्या हातात हजेरीपट. दोघेही म्हणतात, आधी तुम्ही द्या. अशी कोंडी प्रोग्राममध्येही होते. मे १९९९ मध्ये नासाच्या डीप स्पेस वन यानावरचा रिमोट एजंट हा प्रोग्राम अशाच कोंडीत अडकला होता. चालू यानाकडूनच माहिती मागवून पृथ्वीवरच्या लोकांनी चूक हुडकली. अंतराळात जे जमलं, ते बुलढाण्यात का जमू नये?

यावर म्हणतील, रांग खोळंबते. मान्य. डिबगर जोडून ठेवला तर तेवढा वेळ काम थांबतंच. पण जीकोर नावाची सोय आहे. ती चालू प्रोग्रामच्या मेमरीची नक्कल फाइलमध्ये उतरवून घेते. मग खुशाल रिस्टार्ट करा, तपास सावकाश होऊ द्या.

दुसरी शंका सुरक्षिततेची. तीही रास्त आहे, कारण डिबगरला मेमरीतले पासवर्डही दिसू शकतात. म्हणूनच उबुंटूने २०१० पासून डिबगर असा वाटेल तिथे जोडण्यावर निर्बंध घातले. पण मुखत्यार माणसाला परवानगी असतेच. प्रश्न परवानगीचा नाही, इच्छेचा आहे.

बंद-चालू केलं की चूक दुरुस्त होत नाही, चुकीचा पुरावा पुसला जातो. पोराचं गणित चुकलं म्हणून मी कधी पाटी पुसायला लावली नाही. आधी कुठल्या पायरीवर चुकलं ते पाहिलं. चाळीस मुलांच्या वर्गात मला तेवढा वेळ मिळत असे.

असो. दाखला मिळाला, पण शेवटची एसटी चुकली. तुमच्याकडेही हेच चालतं का? जरूर कळवा.