रूट ब्रिज कोणता, हे कोण ठरवतो?

स्विच चालू होतो तेव्हा त्याचा मॅक तक्ता रिकामा असतो. तो भरतो येणाऱ्या फ्रेमवरून: पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला, एवढेच स्विच टिपून ठेवतो आणि पुढे त्या पत्त्याची फ्रेम आली की त्याच पोर्टवर सोडतो. ते यंत्र गप्प राहिले तर नोंद बहुधा ३०० सेकंदांनी पुसली जाते. पत्ता तक्त्यात नसेल किंवा फ्रेम ब्रॉडकास्ट असेल, तर ती जिथून आली तो पोर्ट सोडून त्या व्हीलॅनच्या सगळ्या पोर्टांवर जाते.

लूप घातक ठरतो तो याच सवयीमुळे. आयपी पॅकेटला टीटीएल असते, इथरनेट फ्रेमला नसते. आयपी फोनचे दोन्ही पोर्ट कुणी भिंतीतल्या सॉकेटांना जोडले, की एकच एआरपी विनंती न थांबता फिरू लागते. एकच पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो आणि तक्ताच बेभरवशाचा होतो.

राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना यावर स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला. १९९० मध्ये तो ८०२.१डी या मानकात आला. स्विच आपापसात बीपीडीयू नावाचे संदेश पाठवून एक रूट ब्रिज निवडतात, त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट उघडी ठेवतात आणि जादा वाटा बंद करतात. निवडीत आधी प्रायॉरिटी पाहिली जाते. ती सगळीकडे मूळची ३२७६८ च असेल, तर सर्वांत लहान मॅक पत्ता जिंकतो, आणि तो पुष्कळदा रॅकमधल्या सर्वांत जुन्या स्विचचा असतो!

समजा, असा १०० मेगाबिटचा जुना स्विच दोन्ही कोअर स्विचना जोडलेला आहे आणि कोअरमधला दुवा गिगाबिटचा आहे. १९९८ च्या मानकाप्रमाणे १०० मेगाबिटची किंमत १९, गिगाबिटची ४. प्रत्येक कोअरला रूटची थेट वाट १९ ला पडते, दुसऱ्या कोअरमार्गे २३ ला. मग बंद होतो तो नेमका गिगाबिटचा दुवा, आणि दोन कोअरमधली सगळी वाहतूक जुन्या स्विचमधून रांगत जाते. लॉगमध्ये तक्रारीचे अक्षर नसते. प्रोटोकॉलने आपले काम चोख केलेले असते. म्हणून मुख्य कोअरची प्रायॉरिटी ४०९६ आणि राखीव कोअरची ८१९२ अशी हातानेच बसवावी.

मूळ स्पॅनिंग ट्रीला दुवा तुटल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ च्या रॅपिड आवृत्तीत हे काम बहुधा सेकंदाच्या आतबाहेर होते. मात्र संगणकांचे पोर्ट ‘एज’ म्हणून घोषित करावे लागतात. नाहीतर केबल लावल्यावर ३० सेकंद पोर्ट मुका राहतो आणि डीएचसीपीला दोष दिला जातो. अशा प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड हवाच. टेबलाखालच्या स्वस्त स्विचमध्ये लूप झाला, तर बाहेर गेलेला बीपीडीयू परत येतो आणि पोर्ट बंद पडतो. काही स्वस्त स्विच मात्र बीपीडीयू गिळून टाकतात. तिथे स्टॉर्म कंट्रोलची मर्यादा लावण्याला पर्याय नाही.