जमेची बाजू

सकाळी साडेदहाच्या सुमारास वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीचा खकाणा नाकाला झोंबू लागतो. गाळ्यापुढे टेम्पो लागलेला असतो, पोती उतरत असतात आणि आत गादीच्या एका टोकाला, भिंतीला पाठ टेकवून, सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसलेले असतात. पेढीवर नाव अजून त्यांच्या वडिलांचे आहे, सही मुलाची चालते आणि भाव नातू मोबाईलवर ठरवितो. गृहस्थांना चहा वेळेवर मिळतो, आल्यागेल्याचा नमस्कार मिळतो. विचारत मात्र कोणी काही नाही. मध्येच त्यांनी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाविषयी सावधगिरीचा शब्द काढला, तर मुलगा नम्रपणेच म्हणतो, "बाबा, आता तसं चालत नाही."

असे गृहस्थ मार्केटच्या प्रत्येक रांगेत एक-दोन तरी सापडतात. संध्याकाळी तेच खाडीकाठच्या बाकावर किंवा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात दिसतात. तेथे त्यांच्या बोलण्यात एक वाक्य ठरलेले असते : "हे सगळे आम्ही उभे केले."

वाक्य खोटे नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याचे काम सुरू झाले. मुंबईच्या गल्ल्यांतून घाऊक बाजार हलवावा, हा त्याच योजनेचा भाग होता. आधी कांदा-बटाटा गेला, १९९० च्या सुमारास मसाला आणि धान्य गेले, १९९६ मध्ये फळे व भाजीपाला. मशीद बंदर, वडगादी, दाणाबंदर येथे दोन-तीन पिढ्या बसलेल्या पेढ्यांना हे स्थलांतर नकोसे होते. जुनी वस्ती, जुने मंदिर, जुने शेजारी, पायी जाण्याच्या अंतरावर असलेली गादी, हे सारे सोडून खाडी ओलांडायची होती. वाशीपर्यंत लोकल गाडी आली तीच मुळी मे १९९२ मध्ये. त्याआधी पूल आणि बस एवढाच आधार. गिऱ्हाईक इतक्या दूर येईल की नाही, याची खात्री नसताना ज्यांनी गाळे घेतले, त्यांचे वय तेव्हा पस्तीस-चाळीसचे होते. आज तेच सत्तरीत आहेत. शहर आणि ही पिढी एकाच वेळी वाढली. फरक एवढाच की शहर अजून तरुण आहे.

तेव्हा धाडस त्यांचे, यात शंका नाही. अडचण 'आम्ही' या शब्दापाशी येते. त्या शब्दात कोणाकोणाची गणना होते?

देशी नाम्याच्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहिण्याची पद्धत आहे. बोलीत 'जमेची बाजू' म्हणजे माणसाच्या फायद्याची, गुणाची बाजू. पण खतावणी हाताळलेला कोणताही जुना मेहताजी सांगेल की एखाद्या असामीच्या खात्यात जमा बाकी निघाली, तर ती रक्कम पेढीची येणे नसते, देणे असते. ज्याच्या नावे बाकी निघते त्याच्याकडून वसुली करायची. ज्याची जमा निघते त्याला चुकते करायचे. व्यापारी आयुष्यभर हा भेद डोळे मिटून जाणतो. म्हातारपणी मनाची वही उघडतो तेव्हा मात्र बहुधा एकच बाजू वाचतो. मुलाच्या नावे इतके, धाकट्या भावाच्या नावे इतके, ज्याला धंदा शिकवला त्या भाच्याच्या नावे इतके, समाजाच्या नावे इतके. वसुली होत नाही आणि ती होण्यासारखीही नसते. मग बाकावरचे वाक्य दिवसेंदिवस कडवट होत जाते.

दुसरी बाजू वाचायला घेतली तर पहिली असामी जमिनीची निघते. लोक 'वाशी मार्केट' म्हणतात, पण बाजार उभा आहे तुर्भ्याच्या जमिनीवर. नव्या शहरासाठी ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे घेण्यात आली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. गाळा रीतसर पैसे मोजून घेतला, हे खरेच आहे. कायद्याने व्यापाऱ्याकडे काही बाकी नाही. तरीही ज्या शेतात भात पिकत होता तेथे आज जिऱ्याचे पोते उघडते, एवढे तरी वहीत असायला हवे.

दुसरी असामी माथाडीची. एकेकाळी शंभर-शंभर किलोंचे पोते एका पाठीवर चढे. अण्णासाहेब पाटील यांनी उभारलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि तोवर ज्यांच्या श्रमाची कोठेही नोंद नव्हती त्यांना मंडळ, भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी मिळू लागली. तो कायदा बाजारपेठेने आनंदाने स्वीकारला, असे म्हणता येणार नाही. सातारा-सांगलीकडून आलेल्या टोळ्या व्यापाऱ्यांबरोबरच खाडी ओलांडून आल्या आणि कोपरखैरणे, घणसोलीत वसल्या. गादीवर बसणारा आणि पोते वाहणारा यांचे गुडघे एकाच दशकात दुखू लागले. फरक कारणांचा आहे, आणि तो लहान नाही.

तिसरी असामी घरातच असते आणि म्हणून सर्वांत उशिरा दिसते. स्थलांतराचा निर्णय गादीवर झाला; तो पाळला गेला स्वयंपाकघरात. सासर-माहेरचा गोतावळा मुंबईत ठेवून नव्या, ओसाड वाटणाऱ्या सेक्टरमध्ये संसार मांडायचा, मुलांच्या शाळा शोधायच्या, सूर्यास्तापूर्वी डबा गादीवर पोहोचेल असे पाहायचे, चातुर्मासात साधू-साध्वींच्या गोचरीची व्यवस्था सांभाळायची आणि पाहुण्यांपुढे 'इकडे आमचे चांगले जमले' असे म्हणायचे. या खात्यात एकही रक्कम कधी नोंदली गेली नाही.

जळगावचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचे उदाहरण व्यापारी घरांना परके नाही. वाकोदसारख्या गावातून आलेल्या या माणसाने ७,००० रुपयांच्या कौटुंबिक भांडवलावर रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली आणि पुढे ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग उभारला. सांगण्यासारखे कर्तृत्व त्यांच्याजवळ भरपूर होते. तरी उतारवयात, पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर, त्यांनी 'ती आणि मी' हे पुस्तक लिहिले आणि शीर्षकात 'ती' ला आधी बसविले. खटकणारी गोष्ट एवढीच की अशी पुस्तके बहुतेक वेळा ती गेल्यावर लिहिली जातात. ज्यांच्या घरी ती अजून संध्याकाळी प्रतिक्रमणाला शेजारी बसते, त्यांना पुस्तक लिहिण्याची गरज नाही. चार वाक्ये पुरतात आणि तीच सर्वांत अवघड जातात.

जमेची बाजू वाचल्याने मन हलके होते, याला आधुनिक मानसशास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितल्या. दुसऱ्या गटाला त्रासाच्या गोष्टी लिहावयास सांगितल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. त्याच अभ्यासाच्या आणखी एका भागात स्नायूंच्या दुर्धर आजाराचे रुग्ण होते, आणि तेथेही रोजच्या नोंदीचा उपयोग झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉरा कार्स्टन्सेन यांनी दाखविले की पुढचा काळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली की माणूस ओळखीपाळखीचा पसारा कमी करतो आणि मोजक्या, जिव्हाळ्याच्या नात्यांकडे वळतो. त्यामुळे वृद्धांचे भावजीवन तरुणांपेक्षा पुष्कळदा अधिक स्थिर असते. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला यात नवे काही शिकायचे नाही. वही तीच, फक्त नोंद वेगळी.

राहिला प्रश्न गादीवरच्या त्या न विचारलेल्या सल्ल्याचा. त्याची दखल शास्त्रकारांनी फार पूर्वी घेतली आहे. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्यागाची, म्हणजे धंद्याची उठाठेव सोडण्याची, नववी परिग्रहत्यागाची, आणि दहावी अनुमतित्यागाची. या प्रतिमेवरचा श्रावक घरात राहिला तरी प्रपंचाच्या आणि व्यापाराच्या कामांत संमती देत नाही, मत देत नाही. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. धंदा सुटतो, संपत्ती सुटते, आणि त्यानंतरही 'माझे ऐका' शिल्लक राहते, म्हणून त्याच्यासाठी वेगळी पायरी. प्रतिमाधारी होणे सर्वांना शक्य नाही. पण आठवड्यातून एक दिवस, मुलाने विचारल्याखेरीज भावाविषयी बोलायचे नाही, एवढा नियम घेऊन पाहिलेल्यांना एक चमत्कारिक अनुभव येतो : तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलगा आपण होऊन विचारतो. नाहीच विचारले, तर तो दिवस निदान भांडणावाचून जातो. आणि मोकळ्या झालेल्या डोळ्यांना नातवाचे हिशेबातले चापल्य दिसू लागते. दुसऱ्याच्या गुणांनी आनंदित होण्याला प्रमोदभावना म्हणतात; ती स्वतःच्या नातवापासून सुरू करण्यास कोणाची हरकत नसावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कृतज्ञता म्हणजे गाफीलपणा नव्हे. ज्यांना घरातच दुर्लक्ष किंवा अपमान सोसावा लागतो, त्यांना 'आनंदी राहा, उपकार आठवा' असे सांगणे निर्दयपणाचे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा अशांसाठीच आहे; निर्वाहासाठी त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याच्या कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळविता येते. म्हणून फ्लॅट किंवा गाळा मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करताना ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. 'घरच्या घरात कशाला लिहायचे' हे वाक्य ज्या व्यापाऱ्याने आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकून घेतले नाही, तो नेमका येथे भावनेला बळी पडतो. अट लिहिल्याने प्रेम कमी होत नाही. उलट मनातली धास्ती गेल्यामुळे बोलण्यातली धार कमी होते.

पर्युषणाच्या अखेरीस क्षमापनेचे संदेश मोबाईलवर शेकड्यांनी जातात. पाठविणाऱ्याने वाचलेले नसतात, घेणाऱ्यानेही नाही. ज्यांच्याशी कधी वैर नव्हते आणि ज्यांचा कधी अपराध केला नाही, अशांचीच क्षमा बहुतेक वेळा मागितली जाते. ज्याच्या हजेरीतील अर्धा दिवस कधीकाळी कापला होता, त्याचा क्रमांक त्या यादीत नसतो.

गादीच्या टोकाला बसलेल्या गृहस्थांना असाच एक माणूस आठवत असतो. स्थलांतराच्या पहिल्या पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरले तेव्हा रात्रीतून हळदीची पोती ज्याने वर चढवली, तो टोळीचा मुकादम. पेढी त्या रात्री वाचली. सकाळी हिशेबात दोन पोती कमी भरली म्हणून त्याला चारचौघांत बोलणी बसली होती. पोती आठवड्याने मागच्या खोलीत सापडली. निवृत्त होऊन तो साताऱ्याकडच्या गावी गेला. त्याचा मुलगा अजून मार्केटमध्येच आहे, असे कोणीतरी म्हणाले होते. गृहस्थ मेहताजींना हाक मारतात आणि त्या मुलाकडून वडिलांचा नंबर मिळतो का पाहा, म्हणून सांगतात. दुपारपर्यंत नंबर लिहिलेली चिठ्ठी गादीवर येते. ते चष्मा लावतात, आकडे एकदा मोठ्याने वाचतात. फोन उचलला गेला तर पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे अजून ठरलेले नसते. तिकडे घंटी वाजू लागते.