संधिप्रकाशातील मोंढा

सूर्यास्तानंतरची २०-२२ मिनिटे छायाचित्रकाराला फार मोलाची वाटतात. आकाशात निळाई शिल्लक असते, खिडक्यांतील दिवे नुकतेच लागलेले असतात आणि हे दोन्ही उजेड काही क्षण समतोल राहतात. अंधार दाटला की दिवे भगभगीत दिसतात, इमारतीची रेषा हरवते. मुंबईच्या गिरणगावात माहितगारासह पदभ्रमंती निघतात; कॅमेऱ्याची हौस असणाऱ्यांना तेथे हीच वेळ प्रिय. चौविहार पाळणाऱ्यांनाही ती सोयीचीच, जेवण आधीच उरकलेले असते!

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची स्थापना केली. पुढे लालबाग, परळ, चिंचपोकळी, काळाचौकी हा सारा परिसर भोंग्याच्या तालावर जगू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी नव्या बांधकामांना खुल्या केल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे धुराडे आज दुकानांच्या झगमगाटात उभे आहे.

अशा जागी चित्र सुंदर येते, हीच खरी अडचण. पडकी भिंत, एकाकी धुराडे, मागे काचेचा मनोरा. पण माणूस कोठेच नाही. चाळीच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आजोबांनी त्याच गिरणीत साचे चालवले असतील, हे चित्रात कोठून यावे? त्यांना विचारल्यावाचून त्यांच्या उंबऱ्यावर कॅमेरा रोखणे हे तर असभ्यच. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावकरांच्या तोंडच्या आठवणींचा ग्रंथ २००४ साली सिद्ध केला. छायाचित्रकारांनी तो आधी वाचावा असे वाटते.

मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरवणाऱ्या मुलखात आपण राहतो. जिनिंगच्या जुन्या शेड, गाठी बांधणारे प्रेस, पत्र्याची गोदामे, अडतीच्या पेढ्या हेही औद्योगिक वस्तीचेच रूप. केवळ आकार लहान. हिंगोलीचा मोंढाही बदलतो आहे. २००८ साली पूर्णा-अकोला लोहमार्ग रुंद झाला आणि मीटरगेजची गाडी गेली. जुन्या स्थानकाची छायाचित्रे आपल्यापैकी किती घरांत आहेत?

मुंबईतील गिरण्यांच्या किल्ल्या त्या भटक्यांच्या हाती नव्हत्या. येथे त्या आपल्याच कमरेला आहेत. शेड पाडून गाळे काढण्याचा निर्णय आपलाच असेल, व्यवहाराच्या दृष्टीने तो योग्यही असेल. परंतु त्याआधी एक सायंकाळ तेथे घालवता येईल. घरातील तरुणांनी मोबाइल भिंतीला वा पोत्यांच्या थप्पीला टेकवून स्थिर धरावा, म्हणजे मंद उजेडातही चित्र हलत नाही. सोबत मार्गदर्शक म्हणून जुने मुनीमजी, हमाल किंवा मापाडी असावेत. वजनकाटा कोठे होता, सौदे कोठे होत, हे त्यांनाच ठाऊक. त्यांचे नाव, तारीख आणि जागा त्याच रात्री रोजमेळाप्रमाणे टिपून ठेवावी.

हळदीच्या हंगामात मोंढ्याच्या हवेत पिवळी धूळ तरंगते आणि मावळतीचा उजेड तिच्यावर थबकतो. सुट्टीचा दिवस मात्र टाळावा. हमाल नसतील तर काढायचे काय?