शिकारीच्या कॅमेऱ्यात सिमकार्ड आलं आणि भांडण सुरू झालं

अमेरिकेत हरणांच्या शिकारीला कायद्याने परवानगी आहे: परवाना काढायचा, ठरलेल्या सीझनमध्येच जायचं. तयारी मात्र काही महिने आधी सुरू होते. पूर्वी त्यासाठी रानात पायपीट करून ठसे शोधावे लागायचे. आता झाडाला ट्रेल कॅमेरा बांधला की काम झालं.

आतली टेक्नॉलॉजी तुमच्या ओळखीचीच आहे. ऑफिसच्या वॉशरूममध्ये गेल्यावर आपोआप लाइट लागतो ना? त्यात बहुतेक वेळा जो पीआयआर सेन्सर असतो, तोच इथेही. समोरून गरम अंगाचं काही सरकलं की कॅमेरा जागा होऊन फोटो काढतो. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागतात. 850 नॅनोमीटरचे असतील तर जवळून मंद लाल दिसतात, 940 चे आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, तापमान, बऱ्याच मॉडेल्समध्ये तर चंद्राची कलाही! अशा दोन महिन्यांच्या फोटोंवरून कुठलं हरिण कुठे, किती वाजता येतं याचा अंदाज बसतो.

इथवर फारसं कुणाचं बिघडत नव्हतं, कारण एसडी कार्ड आणायला स्वतः जावं लागायचं. मग सेल्युलर मॉडेल्स आली. त्यात सिम असतं आणि फोटो थेट मोबाइलवर येतो. म्हणजे हरिण आत्ता पाण्यावर उभं आहे हे शिकाऱ्याला घरबसल्या कळतं. मोठ्या शिकारींच्या नोंदी ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब अशा लाइव्ह फोटोंच्या मदतीने केलेली शिकार नोंदवतच नाही. जनावराला निसटण्याची खरी संधी हवी, हे त्यांचं तत्त्व.

राज्यांनी वेगवेगळे रस्ते काढले. नेवाडाने सार्वजनिक जमिनीवर 1 ऑगस्ट ते 31 डिसेंबर ट्रेल कॅमेरे बंद केले आणि फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी बंदी महिनाभर आधीपासून, 1 जुलैपासून. युटाने 2022 मध्ये 31 जुलै ते 31 डिसेंबर अशी बंदी आणली. अ‍ॅरिझोना सगळ्यात कडक: 1 जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वर्षभर बंद. तिथे बराच भाग कोरडा, पाणवठे मोजके. एकेका पाणवठ्यावर ढीगभर कॅमेरे, आणि कार्ड बदलायला माणसांची सतत ये-जा. तहानलेल्या जनावरांनी जायचं कुठे?

पण अ‍ॅरिझोनाच्या नियमात मला एक गोची दिसते. बंदी हेतूवर आहे. पक्षी बघायला किंवा संशोधनासाठी कॅमेरा चालतो. झाडावरचा कॅमेरा बघून हेतू कसा ओळखणार? नेवाडाचा नियम मला जास्त प्रॅक्टिकल वाटतो. तारीख तपासता येते, सिम आहे की नाही हेही. आणि खरा फरक लेटन्सीचाच आहे: जुना फोटो म्हणजे अभ्यास, दहा सेकंदांपूर्वीचा फोटो म्हणजे पत्ता.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे कॅमेरे वाघ मोजतात. 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे 3.48 कोटी फोटो मिळाले. कान्हा-पेंच पट्ट्यात तर ट्रेलगार्ड नावाच्या एआय कॅमेऱ्यांची चाचणी झाली. वाघ दिसला की मिनिटाच्या आत फोटो वनकर्मचाऱ्यांच्या फोनवर, म्हणजे गावाला वेळेत सावध करता येतं. अमेरिकेत ज्या फीचरवर बंदी येतेय, तेच इथे माणूस आणि वाघ दोघांनाही वाचवू शकतं. फक्त ते अ‍ॅलर्ट कुणाच्या फोनवर जातात आणि लॉगिन कुणाकडे आहे, हे कडक ठेवावं लागेल. चोरट्या शिकाऱ्यालाही तोच पत्ता हवा असतो.