परक्याशीं पहिला शब्द

विलायतेंत शिकावयास गेलेल्या आमच्या भाच्यानें परवां कळविलें, "तीन महिने झाले, पण दुकानदाराच्या आभारांपलीकडे एकाही इंग्रजाशीं बोलणें झालें नाहीं. वर्गांतील मुलें शुक्रवारीं पबांत जमतात. मी तर पीत नाहीं; जाऊं कीं नको?" घरांत मोठा खल झाला. मातोश्रींनीं 'गुत्ता' हा एकच शब्द उच्चारून निकाल दिला! आम्हीं मात्र त्यास 'जा' असें कळविलें.

पब म्हणजे 'पब्लिक हाऊस'. तेथें संत्र्याचा रसही मागतां येतो. पेय बहुधा स्वतः फळीपाशीं जाऊनच घ्यावें लागतें. केट फॉक्स ह्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनीं आपल्या 'वॉचिंग द इंग्लिश' (२००४) ह्या ग्रंथांत म्हटलें आहे कीं, अनोळखी माणसाशीं बोलणें जेथें शिष्टसंमत ठरतें, अशा इंग्लंडांतील मोजक्या जागांपैकीं ही फळी एक होय. दूरच्या मेजावर बसलेल्यांस मात्र सहसा छेडूं नये. फळीपुढें रांग दिसत नाहीं, तरी क्रम प्रत्येकाच्या मनांत असतो; तो मोडूं नये. आरंभ हवेपासून करावा, आणि समोरच्यानें गारठ्याची तक्रार केली तर होकार द्यावा. नांव विचारण्याची घाई नको. उत्तर तुटक आलें तर हंसून बाजूस व्हावें. एकटी स्त्री असेल तर हें अधिकच पाळावें.

'पण त्याला आवडेल का?' ही भीति सर्वांसच असते. एप्ली व श्रोडर ह्या संशोधकांनीं शिकागोच्या आगगाड्यांतील उतारूंवर केलेला प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. शेजाऱ्याशीं बोलण्यापेक्षां एकटें बसणें बरें, असा लोकांचा अंदाज होता; प्रत्यक्षांत बोलणाऱ्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला.

हें सारें लिहितांना आम्हांस थोडा अभिमानही वाटला. आपल्याकडे डब्यांत बसल्याबरोबर 'आपण कोठले? आडनांव काय?' असें सुरू होतें. दशम्यांचा डबाही उघडला जातो! परंतु वाचकहो, खरें सांगावयाचें तर आडनांव विचारतों तें माणूस ओळखण्यासाठीं, कीं त्यास कोठल्या पंक्तीस बसवावयाचें हें ठरविण्यासाठीं? कित्येकदां उत्तर मिळतांच आपलें कुतूहल संपतें. इंग्रज नांव शेवटीं विचारतो, ह्यांत आपल्यास घेण्यासारखें कांहीं आहे.

पत्र संपवून आम्हीं दार उघडलें, तों वरच्या मजल्यावर राहणारा मणिपुरी विद्यार्थी जिना चढत होता. वर्षभर तो आम्हांस पाहून मान लववितो, आणि आम्ही किल्ली शोधण्याचें निमित्त करतों. त्याचा मामाही कोठें तरी त्याच्या पत्राची वाट पाहत असेल!

त्या दिवशीं आम्हींच म्हटलें, "काय हो, आज उकाडा फार आहे, नाहीं?" तो थांबला. "फारच," म्हणाला, आणि हंसला. येत्या रविवारीं तो आमच्याकडे जेवावयास येणार आहे. मातोश्रींनीं आडनांव अद्याप विचारलेलें नाहीं. त्याला तिखट सोसतें का, एवढेंच विचारलें.