ओटीपोटाचे दुखणे आणि आपले मौन

आमच्या पांढुर्णा-सौसर भागात घरची भाषा मराठी, सरकारी कामकाजाची हिंदी. ‘ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य आधीच लाजेने अर्धे राहते. परक्या भाषेत तर ते ओठांवरच येत नाही.

गर्भाशय व गर्भनलिकांना जंतुसंसर्गाने येणाऱ्या सुजेचे निदान मात्र त्या वाक्यापासूनच सुरू होते. त्यासाठी कोणतीही एक चाचणी पुरेशी नाही. सोनोग्राफी निर्दोष आली तरी रोग असू शकतो. डॉक्टरांनी नीट विचारून, आतून तपासूनच तो ओळखावा लागतो. उशीर झाल्यास वंध्यत्व येऊ शकते, आणि बोल बाईलाच लागतो.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग, पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के!

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी जाणतो, की वहीत न मांडलेले कर्ज फिटत नाही, वाढते. पांढुर्णा २०२३ साली जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्यातील प्रत्येक आरोग्य केंद्रात पडदा, स्त्री डॉक्टर आणि मराठीत विचारणारी परिचारिका हवी. नवऱ्यालाही उपचारास बोलवावे. संसर्ग पुष्कळदा दोघांचा असतो, लाज मात्र एकटीची का?